शिडाच्या कापडाखाली

सीब्रनने चित्रापुढे हवेत बोट फिरवून पुन्हा मोजलं. पाच जहाजं, अकरा झेंडे, मधल्या मोठ्या जहाजावर एकोणतीस माणसं, आणि डेकवर शिडाच्या कापडाखाली झाकलेला एक ढीग.

"बरोबर?"

"तुमचं कधी चुकलंय?" योरिंदाने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. डच बंदरावरच्या त्या लहानशा संग्रहालयात ती चित्रांची डागडुजी करायची. निवृत्तीनंतर सीब्रन तिथे शाळेच्या मुलांना हेच चित्र दाखवत आला होता. मोजा, म्हणायचा. ढिगापाशी आलं की आवाज उतरवायचा. "पूर्वेच्या बांडा बेटांवरचं जायफळ. जवळ जा, वास येतो."

सहा वर्षांचा असताना आजोबांनी त्याला उचलून असंच चित्रापाशी धरलं होतं. त्यांच्या हातांना जवसाच्या तेलाचा वास होता. उन्हाळ्यात ते बोटींवर नावं रंगवत, हिवाळ्यात इथली चित्रं दुरुस्त करत. वास त्याला खरंच आला होता.

योरिंदाने बिस्किटांचा डबा पुन्हा उघडला. इकडे कॉफीबरोबर एकच बिस्कीट द्यायची रीत.

"दुसरं बिस्कीट? कोण वारलं, पोरी?"

ती हसली नाही. वरच्या रंगाखालचं दाखवणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याने काढलेला फोटो तिने समोर सरकवला. कापडाच्या जागी दाटीवाटीने बसलेली माणसं होती. पायांवरून एक सलग रेघ गेली होती.

"साखळी?"

"हो. गुलाम. आपली जहाजं त्यांना बांडाहून बटाव्हियाच्या ठाण्यावर नेत असावीत."

"चित्रकारानेच मन बदललं असेल."

"कापडाचा रंग जुन्या भेगांमध्ये उतरलाय. म्हणजे भेगा आधीच्या. आणि त्यात टायटॅनियमचा पांढरा आहे. तो १९२० च्या आधी मिळतच नव्हता. कोणी केलं, याची नोंद नाही. समितीला आज कळवायचंय, कापड ठेवायचं की काढायचं. तुम्हाला विचारल्याशिवाय कळवणार नव्हते. जायफळाची गोष्ट तुमची आहे."

सीब्रनने बिस्किटाचे दोन तुकडे केले. खाल्ला एकही नाही.

"नोंद कर," तो म्हणाला. "हेंड्रिक पोस्त्मा. माझे आजोबा. हिवाळ्यात इथे हात लावणारे तेवढेच होते."

"सीब्रन, नाव द्यायलाच हवं असं नाही."

"मला उचलून धरलं होतं त्यांनी. इतकं जवळ." त्याने फोटोपासून वीतभर अंतरावर तळहात धरला. "त्यांना ठाऊक होतं ना मग, खाली काय आहे ते."

योरिंदाने नाव लिहून घेतलं.

"काढ ते कापड."

कापड निघायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी शाळेची मुलं यायच्या आधी सीब्रन चित्रापुढे उभा राहिला, मुलांच्या मोजणीच्या उत्तरांचा जुना कागद आणि पेन्सिल घेऊन. एकदा डावीकडून मोजलं, एकदा उजवीकडून. मग एकोणतीस खोडून त्याने नवा आकडा लिहिला.

जहाजावरची माणसं : सत्तेचाळीस.