लेडी ॲव्हिसचे अश्रू

दर शनिवारी अकरापर्यंत ऑल्डरकोटचं आमचं चर्च गच्च भरायचं. जुनी चर्च बघत हिंडणारे लोक बसगाड्या भरून येत. सहाशे वर्षांपूर्वीच्या लेडी ॲव्हिसच्या थडग्यावर तिची दगडी मूर्ती निजलेली आहे. तिच्या उशाशी सहलीचा वाटाड्या प्राइक उभा राही.

“मंडळी, खिडक्या बंदच असू द्या. लेडीला वारा सोसत नाही.”

सहाशे हिवाळे काढलेल्या बाईला म्हणे वारा सोसत नव्हता. तासाभरात मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी ओघळे आणि लोक त्यात रुमाल भिजवून आपल्या डोळ्यांना लावत.

खिडक्या मीच लावायचो. मी सेड्रिक हॅडो, चर्चची देखभाल माझ्याकडे. ओस पडलेल्या चर्चला टाळं लागणार होतं, ते या गर्दीमुळे टळलं. पाणी कशाचं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मी गप्प बसलो.

माझी शेजारीण म्युरिएल टफिन काचबिंदूसाठी रोज डोळ्यांत औषधाचे थेंब टाकायची. मे महिन्यात तिनं ते थांबवले. “लेडीच्या पाण्यानं डोळे कसे गार वाटतात बघ.”

“बरं वाटतंय ना? मग झालं,” मी म्हणालो.

ऑक्टोबरात तिचा डावा डोळा गेला.

पुढच्या शनिवारी तिच्या डोळ्यांच्या डॉक्टर नोरा व्हिटलो चर्चमध्ये आल्या. म्युरिएलची कणीक लाटायची संगमरवरी फरशी त्यांनी आदल्या दिवशीच मूर्तीशेजारी ठेवली होती. गर्दी जमली, मूर्तीला पाणी सुटलं. फरशीलाही सुटलं.

“ही फरशी काही संत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमचे श्वास, तुमचे ओले कोट. त्यांची वाफ गार, गुळगुळीत दगडावर पाणी होते. मूर्तीचा बाकीचा दगड खरखरीत आहे, तो पाणी पितो. चेहरा हात लावून लावून गुळगुळीत झालाय, म्हणून तिथून ओघळतं.”

“श्रद्धा फरशीनं मोजायची नसते, बाई,” प्राइक म्हणाला.

“मग खिडक्या उघडा.”

प्राइक हलला नाही. मी उठलो आणि एकेक खिडकी उघडली. अर्ध्या तासात फरशी वाळली, लेडीही.

दुपारी म्युरिएलकडे गेलो. “मला आधीपासून ठाऊक होतं,” मी म्हणालो.

चहा ओतता ओतता ती थांबली. “मी थेंब बंद केले, तेव्हाही?”

“हो.”

“प्राइक परका माणूस, सेड्रिक. तुझं मी ऐकलं असतं.”

चमत्कार सांगणाऱ्याला कारण विचारा, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका. पण ज्याला कारण ठाऊक आहे, त्यानं कुणी विचारण्याची वाट बघू नये. मला कुणी विचारलं नव्हतं, हे खरं आहे. म्युरिएलसमोर ते उच्चारायची माझी छाती झाली नाही.