डोहाळजेवणाची तपकिरी साडी

धवल हा माझ्या लेकीचा, श्वेताचा मुलगा. मेट्रो चालवायची नोकरी मिळावी म्हणून पोराने वर्षभर मान मोडून अभ्यास केला आणि डोळ्यांच्या तपासणीत अडकला. ठिपक्यांच्या चित्रातला आकडाच त्याला दिसेना. लाल-हिरव्यातला फरक कळत नाही म्हणे.

ऐकल्याबरोबर मी बोलून मोकळी झाले, "आमच्यात असलं काही नाही हो. तिच्या सासरकडचं असणार." आणि हे श्वेताच्या सासूच्या, रुक्मिणीबाईंच्या कानावर गेलं.

रविवारी मी घाटकोपरला श्वेताकडे गेले, तर रुक्मिणीबाई वाटच बघत होत्या.

"बसा विहीणबाई. डॉक्टरीण काय म्हणाली, ऐका. मुलाला हे आईकडून येतं. आमच्या घराण्याचा काही संबंध नाही." मग श्वेताकडे वळून म्हणाल्या, "तुझ्यामुळे पोराचं नशीब फुटलं गं."

श्वेता मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. चार दिवस हेच ऐकत असणार. धवल आतल्या खोलीत दार लावून बसलेला.

"तिच्यात कुठून येईल?" मी तावातावाने म्हटलं. "आमच्या ह्यांना सगळे रंग कळायचे. माझ्या साड्यासुद्धा..."

साड्या म्हटलं आणि माझी जीभ अडकली.

माझे बाबा, धोंडिराम, परळच्या मिलमध्ये होते. बाजारात नेहमी मला घेऊन जात. "ह्यो टमाटो पिकलो काय गो, बाय?" असं विचारून मगच पिशवीत टाकत. मला वाटे, लाडाने विचारतात. मी ऐटीत सांगायची.

श्वेताच्या वेळी माझं डोहाळजेवण होतं. आई आधीच गेलेली. हिरवी साडी घ्यायला बाबा एकटेच दुकानात गेले. सगळ्या बायकांसमोर मी घडी उलगडली, तर तपकिरी. सासरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "स्वस्तात मिळाली वाटतं, बाबा?"

बाबा उठले. चहाचा कप तसाच ठेवून निघून गेले. ती साडी मी नेसलेच नाही. महिन्याभरात बोहारणीला देऊन पातेलं घेतलं.

"श्वेताला बोलू नका," मी रुक्मिणीबाईंना म्हटलं. "हे माझ्याकडून आलंय. माझ्या बाबांना होतं."

"आणि हे तुम्हाला आत्ता कळलं?"

"आत्ताच. पन्नास वर्षांनी. हसा हवं तर."

त्या हसल्या नाहीत. श्वेताच्या पुढ्यातली अर्धी जुडी ओढून निवडायला लागल्या.

आतलं दार उघडलं. धवल बाहेर आला, दाढी वाढलेला. "मग मिलमध्ये त्यांचं कसं चालायचं, आजी?"

"कापडाच्या गाठी बांधायचे. ताकद लागते त्याला, रंग नाही लागत."

तो माझ्याजवळ येऊन बसला. मी त्याला साडीचं सगळं सांगितलं, माझं बोलणंसुद्धा. मग विचारलं, "एवढा शहाणा माणूस दुकानात जाऊन तपकिरी साडी उचलतो, तर त्याला काय दिसलं असेल रे?"

"हिरवीच, आजी," धवल म्हणाला. "मीही तीच आणली असती तुला."