कुंकू लावलेला डोळा

दार सरकत बंद झालं तेव्हा मी चक्क हसत होते. ते माझ्याच हुकमाने बंद झालं होतं ना!

जळगाव जामोदला आमचं संत्र्यांचं कोल्ड स्टोरेज आहे. उन्हाळ्यात बाबांनी तिथे विजेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बसवली. तिचं ॲप त्यांना काही झेपेना, म्हणून तो फोन माझ्या हातात आला. दहावीतली मुलगी अख्खं कोल्ड स्टोरेज चालवते, बोला! संध्याकाळी पाचनंतर वीज महाग, म्हणून कॉम्प्रेसर दुपारीच थंडी साठवून पाचला झोपतो, हे मी लावलं. छतावरच्या सेन्सरला दोन मिनिटं कुणी दिसलं नाही की दिवे बंद, दार बंद, दार उघडायचं आतलं बटणसुद्धा बंद. रिकाम्या खोलीत ते दाबणार कोण? शिवाय दाराला आतून ढकलायचा जुना दांडा होता, त्याच्या भोकातून थंडी गळायची. मी मिस्त्रीकडून तो काढायला लावला आणि भोक फोमने बुजवून घेतलं. बिल उतरलं. बाबा पाहुण्यांना सांगायला लागले, "या आमच्या इंजिनीअरबाई!"

दसऱ्याच्या संध्याकाळी आई-बाबा सोनं वाटायला गावात गेले होते. घरी येणाऱ्यांसाठी चांगली संत्री निवडायला मी आणि विमलमावशी बाहेरचं बटण दाबून दोन नंबरच्या खोलीत शिरलो. मावशी आमच्याकडे माल निवडतात, त्यांचे यजमान कडूबाकाका फाटकावर असतात.

दोनच मिनिटांत अंधार झाला आणि दार लागलं.

"लाईट काऊन गेली वं अनू?"

"आपण त्याले दिसलो नाही मावशी. हात हालवा."

आम्ही हात हलवले. मग नाचलोसुद्धा. काही नाही. मी बटण दाबलं. तेही मेलेलं. मी मोबाईलचा टॉर्च वर मारला आणि माझं हसू विरलं. सेन्सरवर लालभडक कुंकू. सकाळी यंत्रांची पूजा करताना मीच शिडीवर चढून लावलेलं, गळून पडू नये म्हणून तेलात कालवून.

मावशींनी वर पाहिलं. "कुंकू कपायावर लावते बाई. डोयात कोणी लावते काय?"

क्रेटवर क्रेट रचून मी चढले आणि ओढणीने पुसलं. तेलाने ते नुसतं पसरलं. सेन्सर आंधळा तो आंधळाच. फोनला एक कांडी नेटवर्क नाही. भिंतींना दोन्हीकडून पत्रा आणि मधे जाड फोम. मी दारावर धपाधप बुक्क्या मारल्या, तर गादीवर मारल्यासारखा आवाज. बुजवलेल्या भोकाला नखं लावली. मिस्त्रीने काम फार छान केलं होतं.

चार अंश. मावशींच्या अंगावर सुती लुगडं. दहा मिनिटांनी त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

"तुमचा दम्याचा पंप?"

"पिशवीत हाय. बाहीर."

आई-बाबा यायला नऊ तरी वाजणार होते. मी मोठ्याने रडणारच होते, पण मावशींना आणखी धाप लागली असती, म्हणून गिळलं. हे यंत्र ऐकतं तरी कुणाचं? माणसाचं नाही. दिसलेल्या हालचालीचं आणि मोजलेल्या थंडीचं. क्रेटांमध्ये थंडी मोजणारी धातूची कांडी लोंबत होती. तिला दहा अंश दिसले, तर माल वाचवायला, पाच वाजून गेलेले असले तरी, कॉम्प्रेसर जागा होणार.

"मावशी, हे मी मुठीत गरम करतो. मशीन सुरू होईन, काकाले आवाज जाईन. पण पंखे बी सुरू होतीन. अजून गार होईन."

"किती येळ?"

"मले नाही माहीत."

त्या क्रेटांच्या आडोशाला पाय पोटाशी घेऊन बसल्या. "धर मंग. पाह्यत काय बसली?"

मी कांडी आधी काखेत धरली, मग मुठीत, मधूनमधून तिच्यावर फुंकर. बराच वेळ काहीच नाही. मग पंखे धडधडले आणि बर्फासारखा वारा अंगावर आला. मी ओढणी मावशींच्या डोक्यावर टाकली. बोटं कळेनाशी झाली, पण मूठ सोडली नाही. मावशी बोलायच्या थांबल्या होत्या. मी मोजत होते, त्यांचा श्वास. आत. बाहेर. आत.

आणि मशीन बंद पडलं.

सगळं संपलं, असं वाटलं. पण ते माझ्या नियमाने बंद पडलं नव्हतं, कांडी तर अजून माझ्या मुठीत होती. म्हणजे कुणीतरी मेन स्विच पाडला होता. पूजा झालेलं मशीन संध्याकाळी काऊन चालते, म्हणून काका आले असणार! आणि मेन स्विचचा बोर्ड दाराला लागूनच. आता पंख्यांचाही आवाज नव्हता. मी दाराच्या फटीला तोंड लावलं आणि घसा फाटेस्तोवर ओरडले, "काकाऽऽ! आम्ही आत हावो!"

बाहेर काहीतरी पडलं. मग पहार आत घुसली, दार वीतभर सरकलं, हातभर सरकलं.

काकांनी मावशींना अक्षरशः उचललं. पंप ओढल्यावर पाचेक मिनिटांनी त्यांचा श्वास जागेवर आला. मी शेजारी जमिनीवर बसले होते, दात वाजत होते. तेवढ्यात फोनला नेटवर्क मिळालं आणि अडकलेले मेसेज धडाधड आले. सगळे एकाच मजकुराचे.

"काय म्हणते तुहं यंत्र?" मावशींनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. "खोली क्रमांक दोन रिकामी. बचत सुरू."

"रिकामी?" मावशी खोकत म्हणाल्या. "मंग आमी काय क्रेट होतो?"

काका बुजवलेल्या भोकावर अंगठा फिरवत उभे होते. "कोण्या येड्यानं बुजोलं हे? मालकाले काय सांगू? तो मिस्त्रीच तसा..."

"मिस्त्री नाही काका," मी म्हटलं आणि बाबांना फोन लावला.