केसरबाईंची साक्ष

रविवारी चर्चच्या उपासनेत केसरबाईंनी साक्ष दिली, की प्रार्थनेने त्यांना स्वच्छ दिसू लागलं आहे. सोमवारी दुपारी त्यांनी उकळत्या चहाच्या पातेल्यात हात घातला.

त्यांच्या सुनेने, सत्यशीलाने, हाताला मलम लावलं आणि ती नवऱ्याकडे वळली. "उद्या आत्याला आंबाजोगाईला न्यायचं हाय. डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय."

प्रविणने मोबाईलमधून मान वर केली नाही. "येत न्हाई म्हणून म्या कळवलंय तिथं. साक्ष दिल्यावर दवाखान्यात जायाचं म्हंजी प्रभूला खोटं पाडायचं."

"आन् ह्या हाताचं काय?"

"सैतान परीक्षा बघतो."

"सैतानाला चहाला दुसरं घर घावलं न्हाई का?"

केसरबाईंचा डावा डोळा गेल्या वर्षीच गेला होता. उजव्यातला मोतीबिंदू पिकला होता. आणखी थांबलात तर हाही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण केसरबाई पाळकांशिवाय कुणाचं ऐकत नसत. 'पाळकांनाच घिऊन येते,' म्हणत सत्यशीलाने चपला घातल्या आणि थेट घाटनांदूरच्या चर्चची वाट धरली.

पाळक सुंदरराव ओट्यावर सतरंज्या झटकत होते.

"सलाम, पाळकसाहेब."

"सलाम, बाई! तुमच्या आत्याच्या साक्षीचा व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवरून पार पुण्यापर्यंत पोचला."

"त्यांना दिसत न्हाई."

"विश्वासानं बघा."

"म्या डोळ्यांनी बघितलंय. तुमी त्यांच्या हातात पुस्तक दिलं, वाचा म्हणलं. त्यांनी बायबलातलं मेंढपाळाचं स्तोत्र घडाघडा म्हणून दाखवलं. हातात गायनाचं पुस्तक होतं. त्यात ते स्तोत्र न्हाईच."

सुंदररावांनी सतरंजीची घडी घातली. ती वाकडी झाली. त्यांनी ती उलगडून पुन्हा घातली. ते स्तोत्र केसरबाईंना माहेरापासून पाठ होतं. मंडळीतल्या प्रत्येक मयतीला त्याच म्हणत. रविवारी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही हे नवं नव्हतं.

"गडबडीत हाती आलं ते दिलं. मागून दिसलं मला," ते म्हणाले.

"मागून म्हंजी कवा?"

"... त्या वाचत होत्या तवाच."

"मग गप कावून बसलात?"

"लोकांचा विश्वास वाढत होता, बाई. लई दिवसांनी चर्च भरलं होतं."

"खोटी साक्ष देऊ नये, हे तुमी पोरांना शिकवता. मोठ्या माणसांना त्यातनं सूट हाय का?" तिचा आवाज चढला. "चला घरी. आत्याला सांगा, जा म्हणून. तुमचंच ऐकतात त्या."

"मी असं सांगितलं तर मंडळी काय म्हणंल?"

सत्यशीला सलाम न करता पायऱ्या उतरली.

केसरबाई दारात बसल्या होत्या. पोळलेला हात मांडीवर उताणा होता. पाऊल ओळखून त्यांनी विचारलं, "आले का पाळक?"

"न्हाई. त्यांना ठाऊक हाय, आत्या. पुस्तक कोणतं होतं, ते त्यांनी तवाच बघितलं होतं."

केसरबाई सांगू लागल्या.

"त्यांनी माईकवर इचारलं, दिसतंय का? समद्या बाया हालेलुया म्हणायल्या होत्या. न्हाई म्हणलं असतं तर माझाच इश्वास कच्चा ठरला असता. म्हणलं, आधी हो म्हणावं, देव मागून देईल." मग आवाज कडक झाला. "मला वाटलं, त्यांना फसवलं म्या. त्यांना तर ठावंच होतं! आन् मी इथं दोन दिस देवाची माफी मागायले."

त्यांनी हाक मारली, "प्रव्या! काढ व्हिडिओ."

"आई, कशाला उगंच..."

"काढतूस का न्हाई बे?"

प्रविण हलला नाही. सत्यशीलाने त्याच्या हातातून मोबाईल घेतला आणि सासूसमोर धरला.

"मी केसरबाई," त्या मोबाईलच्या जरा बाजूलाच बघत म्हणाल्या. "मला दिसत न्हाई. रविवारी खोटं बोलले. हातात गायनाचं पुस्तक होतं, स्तोत्र मला पाठ हाय. पाळकांनाबी ते ठाऊक होतं. उद्या ऑपरेशनला चालले. प्रार्थना करायची तर आता करा."

सत्यशीलाने तो मंडळीच्या त्याच ग्रुपवर टाकला. मग दवाखान्यात फोन करून सांगितलं, की पेशंट उद्या येतोय.

ती सासूचं लुगडं पिशवीत भरत होती तेव्हा मोबाईल वाजायला लागला. सुंदररावांचा फोन होता. प्रविणने हात पुढे केला.

"वाजू दे," केसरबाई म्हणाल्या.