दोन कप्प्यांचा आड

"मनं नाव सांगू नको, हाशम," यशोदाबाई चौथ्यांदा म्हणाल्या.

हाशम मिस्त्री धुळ्याच्या त्या गल्लीत स्टोव्ह, कुलपं, कंदील असं काय बिघडेल ते दुरुस्त करी, आणि वर न मागता सल्लाही देई. आज काम आडावरच्या, शेजारच्या तानुबाईच्या बाजूच्या कप्पीचं होतं; ते यशोदाबाईंनी सांगितलं हे तिला कळू द्यायचं नव्हतं. आड दोघींचा सामाईक. भिंत बरोबर मधोमध उभी, अर्धा काठ इकडे, अर्धा तिकडे, दोन बाजूंना दोन कप्प्या आणि खाली पाणी मात्र एकच. तानुबाई पहाटे पाणी शेंदायला लागली की तिची कप्पी अशी किंचाळायची की मेलेला माणूस उठून बसावा. हाशमचं म्हणणं होतं, अक्का, भिंतीवरून एक हाक मार, तेल ती स्वतःच घालेल. पण हाक मारायची कोणी? सात वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं.

आणि कशावरून, तर स्टोव्हवरून! यशोदाबाईंच्या लेकाने भुसावळहून नवा स्टोव्ह पाठवला होता. तानुबाईने तो मागून नेला, पिन सापडेना म्हणून आकड्याने खुपसून छिद्र मोठं करून ठेवलं, आणि परत दिला तेव्हा नुसता धूर ओकत होता. यशोदाबाई नको ते बोलल्या. तुला ना लेक ना लेकरू, तुला दुसऱ्याच्या वस्तूची काय कदर, इथवर बोलल्या. हाशमने तोंडाचा तुकडा बदलला आणि स्टोव्ह त्याच संध्याकाळी फरफर पेटला. बोललेलं मात्र कुणाला बदलता आलं नाही.

तर हाशम गेला, कप्पी उतरवली, घासली आणि वंगण घालून पुन्हा बसवली. दुसऱ्या दिवशी यशोदाबाईंना जाग आली तेव्हा ऊन ओसरीवर आलं होतं. बरं वाटलं, खोटं कशाला बोला. तीस वर्षं त्या आवाजावर उठत होत्या, तशा आता उशिरा उठू लागल्या.

पंधरा दिवस गेले असतील. एका सकाळी त्यांनी आडात बादली सोडली तर खाली तानुबाईच्या बादलीला ठण्णकन लागली. भरत असेल, म्हणून त्यांनी आपली ओढून घेतली. दुपारी पुन्हा तेच. या खेपेला पलीकडची बादली हलली, वर गेली, धपकन खाली आली आणि यांच्या बादलीवर दोनदा आदळली. यशोदाबाईंचं डोकं फिरलं. "आते बादली बी भांडाले लागनी," असं पुटपुटत त्यांनी आपल्या बादलीचा एक जोराचा ठोसा मुद्दाम परत दिला आणि पाणी न भरताच घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली तिथेच होती. आता हलत नव्हती. यशोदाबाई दोरी धरून बघत राहिल्या.

"तानू," त्यांनी भिंतीकडे तोंड करून हाक मारली. सात वर्षांतली पहिली. "व तानू, काय व्हयनं?"

गल्लीला वाटलं होतं, ती भावाकडे नरडाण्याला गेली असेल. हाशमने तिच्या दाराच्या फटीतून पट्टी घालून आतली कडी उचलली. तानुबाई आडाच्या काठाशी आडवी होती. डॉक्टर म्हणाले, अर्धं अंग गेलं होतं, वाचाही गेली असणार. काल संध्याकाळपर्यंत जीव असावा. चालता हात तेवढा दोरीवर होता आणि त्या हाताचा तळवा सोलून निघाला होता. पडल्या पडल्या ती दोरी ओढत राहिली होती. कप्पी पूर्वीसारखी किंचाळत असती तर आख्खी गल्ली गोळा झाली असती.

यशोदाबाई तिथेच बसल्या आणि तो हात मांडीवर घेऊन ऊर फुटेस्तोवर रडल्या. काल तिने मारलेली हाक होती ती, आणि मी तिला ठोसा दिला, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. ज्याला त्याला सांगत होत्या, लाजही उरली नव्हती.

तेराव्यानंतर त्यांनी हाशमला बोलावून आपल्या बाजूची कप्पी उतरवायला सांगितली. राखेने पुसून वंगणाचा थेंबसुद्धा ठेवू नको म्हणाल्या.

"अक्का, कप्पी झिजी जाई."

"झिजू दे."

हाशम राखेने कप्पी पुसू लागला. मग मान वर न करता म्हणाला, "कप्पीले वंगण घालं त्या दिवशी तानूनी माले तीनदा इचारं. यशोदानी धाडं का तुले? नाव सांगू नको, तूच सांगेल व्हतं, म्हणून मी नही सांगं."

हाशमने कप्पी चढवली आणि फिरवून पाहिली. ती किंचाळली.

तेव्हापासून त्या पहाटेच आडावर येतात. एक बादली ओढतात, दोरी हातात धरून थोडा वेळ भिंतीपाशी थांबतात आणि मग दुसरी सोडतात.