झाडपाल्याच्या एक्केचाळीस जुड्या

नयनने आपला कागद रवींद्र सरांसमोर सरकवला आणि पेन्सिल कानामागे खोचली. कागदाच्या वरच्या ओळीत लिहिलं होतं, वंश: यक्ष, पेशा: लढवय्या. खाली शस्त्र म्हणून दोन्ही हातांनी उचलायची कुऱ्हाड होती.

"चालेल ना, सर? म्हणजे कॉम्बिनेशन जरा ऑड आहे, मला माहितीये. यक्ष नाजूक असतात. पण माझा जरा वेगळा आहे."

"चालेल की. उलट मजा येईल," सर म्हणाले आणि त्यांनी कागदावर सहीसुद्धा ठोकली.

समोरच्या बाकावर साईनाथची पेन्सिल थांबली. फार नाही, चहाचा एक घोट घ्यावा एवढीच. मग त्याने ती पुन्हा चालवायला घेतली. सरांना मात्र ते थांबणं दिसलं.

डोंबिवली पूर्वेला पिठाच्या गिरणीच्या वर रवींद्र सरांचा गणिताचा क्लास होता. आठवडाभर तिथे दहावीची पोरं त्रिकोण सोडवत आणि रविवारी दुपारी तीच बाकं जोडून सर आपल्या जुन्या विद्यार्थ्यांबरोबर हा खेळ मांडत. प्रत्येकाने एक माणूस कल्पायचा, त्याचा वंश आणि पेशा कागदावर लिहायचा. गोष्ट सर सांगणार, काय जमलं आणि काय फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. मानव, यक्ष, बुटके, राक्षस, त्यांची राज्यं, नकाशे, सगळं सरांनी स्वतः रचलं होतं. नियमांची दोनशेपानी वही होती. पन्नाशीच्या माणसाने एवढा जीव असल्या खेळात लावावा का, असं त्यांची बायको म्हणायची, पण सर काही ऐकणाऱ्यातले नव्हते.

नयन आज पहिल्यांदा आला होता. कोलशेतच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहणारा, आर्किटेक्ट, बोलायला मोकळा. आल्याआल्या सरांनी त्याला सगळ्यांची ओळख करून दिली होती. "हा हर्षित. ही बिल्डिंग याच्या वडिलांची, तेव्हा याला नीट बोलायचं. आणि हा साईनाथ, दिव्याहून येतो. कल्याणला हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहे." साईनाथने हसून हात पुढे केला होता. सहा फुटी देह, बाकात मावत नसे, म्हणून कडेला तिरका बसायचा.

कागद तपासून झाले तरी सरांचं मन काही ताळ्यावर येईना. वर्षापूर्वी साईनाथ याच बाकावर पहिल्यांदा खेळायला आला होता. पाण्याचा टँकर आल्यामुळे उशीर झाला म्हणून तीनदा सॉरी म्हणाला होता. त्याने कागद पुढे केला होता तो असा: वंश राक्षस, पेशा वैद्य. सर खो खो हसले होते.

"अरे राक्षस आणि वैद्य? याने नाडी बघायला हात धरला तर पेशंट भीतीनेच जायचा! जमत नाही, साईनाथ. राक्षसाला लढवय्याच शोभतो."

सगळे हसले होते. हर्षित तर बाक बडवत. साईनाथही हसला होता आणि मग त्याने विचारलं होतं, "रबर आहे का कुणाकडे?"

वहीत तसा काही नियम नव्हता. हे सरांना तेव्हाही माहीत होतं.

चार वाजता चहा आला. साईनाथ कप घेऊन गॅलरीत गेला, त्याच्या मागोमाग सरही गेले. खाली गिरणी चालू होती, कठड्यावर पिठाची बारीक भुकटी बसली होती.

"साईनाथ, तुला हवं असेल तर पेशा बदलून घे. वैद्य कर."

"आता कशाला, सर? वर्ष झालं."

"तेव्हा मी जरा घाईत बोललो."

"नाही हो. मजा येते की मला. मारामारी असली की सगळे माझ्या मागे लपतात." त्याने चहा संपवला आणि कप हातात फिरवत राहिला. "सर, एक सांगू? राग नका मानू."

"बोल."

"मी वॉर्डबॉय नाही. ब्रदर आहे. नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स केला ना मी. बारावी आर्ट्सवरून मिळाली अ‍ॅडमिशन. इंजेक्शन, सलाईन, सगळं बघतो. आता आयसीयूला आहे."

सरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"मला कधी बोलला नाहीस."

"पास झालो तेव्हा पेढे घेऊन आलेलो, सर. तुम्ही बॅचला शिकवत होता. टेबलावर बॉक्स ठेवून गेलो."

पेढे सरांना आठवले. केशरी होते. त्यांनी दोन स्वतः खाल्ले होते आणि बाकीचे पोरांना वाटले होते. कुणी ठेवले हे विचारलं नव्हतं.

आणि एकदा आठवायला लागलं की माणसाच्या हातात काही राहत नाही. दहावीनंतर साईनाथ विचारायला आला होता, सायन्स घेऊ का म्हणून. छप्पन्न टक्के. "तुला झेपणार नाही," सर म्हणाले होते, आणि ते त्यांना अगदी व्यवहाराचं वाटलं होतं. त्याच आठवड्यात हर्षितचे वडील आले होते. हर्षितला चोपन्न होते. "टाका सायन्सला, मी घेतो त्याच्याकडून करून," असं सरांनी त्यांना बसवून, सरबत देऊन सांगितलं होतं. हर्षितने पुढे इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, ती गोष्ट वेगळी. पण छप्पन्न मोठे की चोपन्न, हे गणिताच्या मास्तराला कुणी शिकवायला नको होतं. सरांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज लगेच कुठेतरी फेडून मोकळं व्हावं असंही वाटलं.

चहानंतर म्हणूनच त्यांनी गोष्ट मुद्दाम वाकडी नेली. खेळातल्या हर्षितच्या चोराने गुहेतली पेटी उघडली आणि पेटीतून विषारी काटा निघाला.

"सहा फेऱ्या," सर म्हणाले. "सहाव्या फेरीपर्यंत उतारा मिळाला नाही तर खलास."

"ओ सर! आज प्रीती पण नाहीये!" हर्षित ओरडला. प्रीती म्हणजे त्यांच्यातली एकुलती एक वैद्य. "प्लॅन करून मारताय का मला?"

सर साईनाथकडे बघत होते.

"सर, माझ्याकडे झाडपाला आहे," साईनाथ म्हणाला.

हर्षितला तशा अवस्थेतही हसू फुटलं. "आला आमचा पालेभाजीवाला!"

हा त्यांचा वर्षभराचा विनोद होता. लढाई संपली, की सगळे सोनंनाणं, तलवारी वाटून घ्यायला धावत आणि साईनाथ म्हणे, "मी झाडपाला गोळा करतो." सर म्हणत, "बरं, केलास," आणि पुढे जात. ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं त्यांनी.

साईनाथने कागद उलटा केला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात रविवारच्या तारखा होत्या, प्रत्येकीपुढे जागेचं नाव आणि एक जुडी. नदीकाठ. जळकं रान. बुटक्यांची खाण. एकूण एक्केचाळीस.

"पण लढवय्याला औषध देता येतं का?" नयनने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"येतं," सर घाईने म्हणाले. "टाक फासा, साईनाथ. पाच किंवा वर पडलं की झालं."

"पाच?" हर्षित चमकला. "प्रीतीला पण दहा लागतात, सर!"

साईनाथने फासा मुठीत घेतला होता. तो त्याने टाकला नाही. मूठ तशीच बाकावर ठेवून तो सरांकडे बघत राहिला. डोळ्यांत राग नव्हता. असता तर सरांना सोपं गेलं असतं.

"सर, नयनने टाकला असता तर किती सांगितले असते?"

सरांनी वही उघडली. आकडा त्यांना पाठ होता, तरी उघडली.

"पंधरा."

"मग पंधरा." तो हर्षितकडे वळला. "हात दे."

"कशाला?"

"नाडी बघायची असते आधी."

हर्षितने हसतहसत हात पुढे केला. साईनाथच्या पंजात तो मनगटापर्यंत नाहीसा झाला. साईनाथने तीन बोटं टेकवली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि ओठ न हलवता मोजायला लागला. अर्ध्या मिनिटात हर्षितचं हसू कुठल्या कुठे गेलं. मग साईनाथने दुसऱ्या हाताने फासा टाकला.

आठ. एक जुडी खर्ची पडली, त्याने पेन्सिलीने पहिली तारीख खोडली.

अकरा. दुसरी खोडली.

तिसऱ्यांदा फासा बाकाच्या फटीपाशी अडखळला आणि चौदावर बसला.

"चौदा म्हणजे तसं..." सरांनी सुरुवात केली.

"पंधरा ठरलंय, सर."

चौथ्यांदा दोन. हर्षितने हात काढून घेतला नव्हता. नयन उभा राहून बघत होता. पाचव्या वेळी फासा पार नकाशाच्या टोकाला गेला आणि सतरावर थांबला.

"वाचलो रे!" हर्षितने सुस्कारा सोडला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "साला, खरंच मरतोय असं वाटलं." साईनाथने पाचवी तारीख खोडली.

आता बोलायलाच हवं होतं. सरांनी घसा साफ केला.

"नयन, मघाशी मी चुकीचं सांगितलं. साईनाथ वॉर्डबॉय नाही. तो..."

"हो, ब्रदर आहे," नयन म्हणाला. "जिन्यात भेटलेलो ना आम्ही, तेव्हाच बोललेला. मला वाटलं, तुमच्या तोंडून चुकून गेलं."

"मला माहितीये की कधीपासून," हर्षित म्हणाला. "बाबांना अ‍ॅडमिट केलेलं तेव्हा रात्रभर हाच होता."

या खोलीत एकट्या सरांनाच माहीत नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी ड्रॉवरमधून रबर काढलं आणि नकाशावरून हात लांबवून साईनाथसमोर ठेवलं.

"तो पेशा बदल आता. खोड ते लढवय्या. हे मी वर्षापूर्वीच करायला हवं होतं. चुकलं माझं."

साईनाथने कागद पुन्हा सुलटा केला. पेशा लिहिलेल्या जागी कागद पातळ झाला होता, खालच्या बाकाचा रंग दिसावा इतका. लढवय्या या अक्षरांच्या आत वैद्यच्या दोन पुसट मात्रा अजून उरल्या होत्या. त्याने त्यावरून अंगठा फिरवला आणि रबर हळूच सरांकडे परत सरकवलं.

"नको, सर. तिथे परत खोडलं तर कागद फाटेल."

मग त्याने फासा उचलून नयनला दिला, कारण पुढची पाळी नयनची होती.