रतनसाठी कोरलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पाटी आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही. लाकडाला कसला राग, असं म्हणू नका. आधी ऐका.

कल्याणला आगगाडी येऊन तेव्हा वीस-पंचवीस वर्षं झाली होती. खाडीवर गलबतं बांधली जात. तिथले दौलत सुतार एक उरलेली फळी घरी घेऊन आले. त्यांनी ती रंधा मारून सपाट केली, तीच मी; माझ्यावर मुळाक्षरं खोल कोरली आणि मागच्या बाजूला चार ओळींचा धडा. त्यांची मुलगी रतन देवीच्या साथीत आंधळी झाली होती. तिला बोटांनी वाचता यावं म्हणून मी जन्मले.

युक्ती मुलींच्या शाळेतल्या श्रीपाद मास्तरांची. ते आधी मायेने वागले, हे मी नाकारत नाही. रतनचं बोट धरून त्यांनीच ते माझ्या अक्षरांवरून फिरवलं. पण तिचं नाव पटावर नव्हतं. मास्तर म्हणाले, "डिप्टीसाहेब शाळेच्या तपासणीला आले की त्यांच्यापुढे धडा वाच. मग तुझं नाव पटावर चढवू."

पोरीने इतका सराव केला की माझ्या अक्षरांच्या कडा गुळगुळीत झाल्या.

तपासणीच्या आदल्या दिवशी मास्तरांनी तिला सांगितलं, उद्या सुट्टी आहे, साहेब परवा येतील, पाटी इथेच राहू दे. तिने मला विश्वासाने त्यांच्या हातात दिलं.

साहेब दुसऱ्याच दिवशी आले. मला हातात घेऊन त्यांनी विचारलं, ही कोणासाठी? मला वाटलं, आता रतनचं नाव निघेल.

"लहान मुलींना अक्षरं गिरवायला केली," मास्तर म्हणाले. आंधळी मुलगी अडखळली तर आपलं हसं होईल, ही त्यांना भीती. साहेबांनी शेऱ्यात माझी स्तुती लिहिली. वर्गातल्या मुलींना सगळं ठाऊक होतं. एकही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी रतन नवं परकर-पोलकं घालून, वडिलांचा हात धरून आली. साहेब काल येऊन गेल्याचं कोणीतरी सांगितलं. ती मास्तरांकडे वळली.

"मास्तर, मला सगळा धडा येत होता."

मास्तरांनी मला उचलून कपाटात ठेवलं.

"पोरीची पाटी तरी द्या," दौलत म्हणाले.

"ती आता शाळेच्या सामानाच्या यादीत लागली, दौलत."

म्हणजे यादीत मी चढले. रतनचं नाव कुठेच चढलं नाही, आणि ती पुन्हा शाळेत आली नाही.

मित्रांनो, मला इथे या शाळेच्या कपाटात अजून रोज पुसून ठेवतात. मला ती काळजी नको. तुमच्या वर्गात रतनसारखं कोणी असेल, तर त्याला रोज शेजारी बसवाच, पण मोठे पाहुणे येतील त्या दिवशी पहिल्या रांगेत बसवा. आणि त्या दिवशी कोणी त्याला घरी ठेवलं, तर तुम्ही त्या मुलींसारखे गप्प बसू नका.